तांबडे पाणी : ओळख, तपासणी आणि उपाय

पाण्याविषयी आपली चौकशी बहुधा एवढीच असते की ते आले का. आज नळाचा वार आहे का, हापसा चालू आहे का, टँकर कधी येणार. आलेले पाणी कसे आहे हा प्रश्न मागून येतो, आणि बऱ्याच घरी तो नुसत्या डोळ्यांनी निकालात काढला जातो. स्वच्छ दिसले म्हणजे चांगले, रंग दिसला म्हणजे वाईट. हा हिशेब सोपा आहे, पण बरोबर नाही. तांबड्या पाण्याच्या बाबतीत तर तो दोन्ही बाजूंनी चुकतो.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत जी घरे बोअर, हापसा किंवा जुन्या लोखंडी पाइपलाइनवर अवलंबून आहेत, त्यांतील पुष्कळांना पुढील खुणा ओळखीच्या वाटतील. पाणी भरताना स्वच्छ दिसते, तासाभराने पिवळसर होते, सकाळी घागरीच्या तळाशी तांबूस गाळ बसलेला असतो. बादलीला आतून राप चढतो. न्हाणीच्या फरशीवर तांबडा ओघळ उमटतो. चहा काळपट होतो. पौर्णिमेला विहारात घालून जाण्यासाठी जपलेला पांढरा सदरा किंवा पांढरी साडी चार धुण्यांत पिवळी पडते. ही सर्व पाण्यातील जादा लोहाची लक्षणे आहेत.

अशा वेळी लोक तीनपैकी एक मार्ग धरतात. काही जण हे पाणी विषारी समजून सोडून देतात आणि जवळच्या उघड्या विहिरीचे नितळ दिसणारे पाणी आणतात. काही जण "लोहाने रक्त वाढते" असे म्हणून तेच पाणी निर्धास्त पितात. उरलेले कोणीतरी सांगितले म्हणून पाच आकडी किमतीचे यंत्र हप्त्याने घेतात. बँकेच्या नोकरीत असल्यामुळे हा तिसरा प्रकार मला जवळून पाहायला मिळतो. तिघांमध्ये एक गोष्ट समान असते. पाण्यातील लोह आले कोठून, हे कोणीच पाहिलेले नसते. प्रस्तुत लेखाचा सांगावा एवढाच आहे : आधी उगम शोधा, मग उपाय करा, आणि खर्च सर्वांत शेवटी करा.

१. लोह पाण्यात दोन रूपांत असते

साखर पाण्यात विरघळली की दिसत नाही, पण माती कालवली की दिसते. लोहाचेही असेच आहे. जमिनीच्या पोटात, जिथे हवा पोचत नाही, तिथे लोह विरघळलेल्या रूपात राहू शकते. असे पाणी वर आले की काचेसारखे स्वच्छ दिसते. हवेतील प्राणवायू लागताच विरघळलेल्या लोहाचे गंजात रूपांतर होते. गंज पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचे बारीक तांबूस कण तयार होतात आणि हळूहळू तळाशी बसतात. पहिले रूप अदृश्य, दुसरे दृश्य. घरच्या उपायांचे सारे मर्म यातच आहे. अदृश्य लोह गाळणीतून निघून जाते, दृश्य लोह गाळणीत अडकते. म्हणून आधी हवा द्यायची, मग गाळायचे.

हे रूपांतर किती लवकर होईल हे पाण्याच्या पी.एच. वर, म्हणजे आम्लतेवर, अवलंबून असते. पी.एच. ७ च्या वर असेल तर काम भराभर होते. ६.५ च्या खाली असेल तर ते फार सावकाश होते आणि शिवाय असे आम्लधर्मी पाणी लोखंडी पाइप खाते. आपल्याकडील काळ्या पाषाणातील भूजल साधारणपणे ७ च्या वरचे असते, ही आपल्या सोयीची गोष्ट आहे.

प्राणवायू लागतो तरी किती? १ मिलिग्रॅम लोहाला सुमारे ०.१४ मिलिग्रॅम. हवेत चांगले खळखळलेल्या एक लिटर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. म्हणजे लिटरला ५ मिलिग्रॅम लोह असले तरी नुसती हवा पुरून उरते. त्यासाठी वीज लागत नाही की औषध लागत नाही.

२. आपल्या दोन जिल्ह्यांची जमीन

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे दख्खनच्या पठारावर, ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या पाषाणावर वसले आहेत. या पाषाणात वजनाने शेकडा दहाच्या आसपास लोह असते. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कोठे कोठे तांबड्या भाजक्या मातीचा पट्टा लागतो. बोअर मारताना मध्येच तांबडा चिखल बाहेर येतो तो बहुधा याच पट्ट्याचा. पश्चिमेकडे महाबळेश्वर, पाचगणी आणि कासच्या माथ्यावर जांभा दगड आहे. पावसाने खडकातील इतर द्रव्ये धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले, म्हणून त्याला तो तांबडा रंग आला.

मग एवढे लोह असताना सर्वच विहिरी तांबड्या का नाहीत? कारण खडकात लोह असणे वेगळे आणि ते पाण्यात उतरणे वेगळे. जिथे पाण्याला हवा मिळते आणि पी.एच. चांगला असतो तिथे लोह खडकातच राहते. आसाम, बिहार, ओडिशा, पश्चिम बंगाल या राज्यांच्या गाळाच्या प्रदेशात जमिनीखाली प्राणवायू कमी असल्यामुळे मोठ्या भागात विरघळलेले लोह आढळते. आसामात तर वाळू आणि कोळशाची घरगुती गाळणी ही जुनी चाल आहे. आपली स्थिती तशी नाही. आपल्याकडे तांबडे पाणी दिसले की खडकाला दोष देण्याआधी पाइपकडे पाहावे.

३. उगम चार

पहिला उगम : जमीन. बंद खोल थरातील, हवा न मिळालेले पाणी. याची खूण म्हणजे ताजे पाणी स्वच्छ असते, ठेवल्यावर तांबडे होते, आणि बोअर कितीही वेळ चालवली तरी फरक पडत नाही.

दुसरा उगम : पाइप. हा हापशाच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात गावोगाव यंत्राने बोअर मारून हापसे बसवले गेले. ज्या वस्त्यांना गावच्या विहिरीवर मोकळेपणाने पाणी भरता येत नव्हते, त्यांच्या दृष्टीने हापसा म्हणजे पहिले हक्काचे पाणी होते. पुढे देशभर पसरलेला इंडिया मार्क दोन हा हापसा सोलापूर येथे तयार झालेल्या सोलापूर पंपाच्या धर्तीवर विकसित झाला, ही आपल्या भागाच्या अभिमानाची गोष्ट आहे. हापसा मजबूत, पण त्याचे पाण्यात उतरवलेले पाइप आणि सळया जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या. मुलामा झिजला की लोखंड उघडे पडते. रात्रभर पाणी पाइपात उभे राहते आणि सकाळचे पहिले पाणी तांबडे येते. वीस-पंचवीस बादल्या उपसल्या की ते निवळत जाते. घरातील जुनी जी.आय. लाइन आणि गंजलेली लोखंडी टाकी यांचेही असेच.

तिसरा उगम : लोहजिवाणू. काही सूक्ष्म जिवाणू लोहावर जगतात. ते रोग पसरवीत नाहीत, पण पाइपात आणि बोअरमध्ये तांबडा बुळबुळीत थर तयार करतात. त्याला कुजकट वास येतो, फ्लशच्या टाकीत लोळासारखा गाळ साठतो, साठलेल्या पाण्यावर तेलासारखा रंगीत तवंग येतो. हा तवंग तेलाचा की जिवाणूंचा, हे काडीने कळते. काडी फिरवल्यावर तो काचेच्या पापुद्र्यासारखा फुटून तुकडे वेगळे राहिले तर लोहजिवाणू. पुन्हा एकत्र झाला तर तेल.

चौथा उगम : सांडपाणी. याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही आणि धोका मात्र यातच सर्वांत जास्त आहे. शौचालयाच्या खड्ड्याचे किंवा तुंबलेल्या गटाराचे पाणी जमिनीत मुरले की त्यातील घाण कुजताना भूजलातील प्राणवायू संपवते. प्राणवायू संपला की एरवी खडकात अडकून राहणारे लोह पाण्यात उतरू लागते. म्हणून वर्षानुवर्षे स्वच्छ असलेली बोअर अचानक तांबडी आणि वासाची झाली, आणि जवळपास शौचालयाचा खड्डा, गोठा किंवा गटार असेल, तर लोहाचा विचार नंतर करावा. आधी जंतूंची तपासणी करून घ्यावी आणि अहवाल येईपर्यंत पाणी उकळून प्यावे. तेथे तांबडा रंग हा खरा रोग नसून रोगाची पूर्वसूचना असते.

४. घरच्या घरी ओळख

पुढील चाचण्यांना पैसे लागत नाहीत. त्यांनी लोहाचे प्रमाण कळत नाही, पण लोह आहे की नाही आणि कोणत्या रूपात आहे हे कळते.

(अ) काचेचा ग्लास : ताजे पाणी ग्लासात घेऊन पांढऱ्या कागदापुढे धरा. लगेच तांबडे दिसले तर गंजाचे कण. आधी स्वच्छ आणि तासाभरात पिवळसर झाले तर विरघळलेले लोह. पावसाळ्यातच गढूळ होत असेल तर वरची माती आत शिरते आहे, म्हणजे बोअरच्या केसिंगची किंवा हापशाच्या ओट्याची दुरुस्ती हवी.

(आ) हिरडा किंवा पेरूचे पान : पूर्वी हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करीत असत. हिराकस म्हणजे लोहाचाच क्षार. तीच क्रिया येथे उपयोगी पडते. हिरड्याची भरड रात्री थोड्या पाण्यात भिजवून सकाळी ते पाणी गाळून घ्या. ग्लासभर पाण्यात त्याचा एक चमचा टाकून दहा-पंधरा मिनिटे थांबा. निळसर काळी किंवा जांभळट झाक आली तर लोह आहे. हिरडा नसेल तर पेरूची कोवळी पाने चुरडून टाकली तरी चालते. शेजारी पावसाच्या साठवलेल्या पाण्याचा ग्लास तुलनेला ठेवावा. चहा काळपट का होतो याचे उत्तरही येथेच मिळते.

(इ) उकळणे : लोह असलेले पाणी उकळल्यावर ते लवकर तांबडे होते. पाणी बिघडले असे समजू नये. लपलेले लोह उघड झाले एवढेच. थंड झाल्यावर गाळले की ते बरेचसे निघते.

(ई) काळे डाग : तांबड्याऐवजी काळपट डाग आणि काळे कण दिसत असतील तर लोहाबरोबर मँगनीज असण्याची शक्यता आहे. तपासणीत मँगनीज आवर्जून मागावे.

५. ताळा कसा जमवावा

रोखपुस्तक आणि खतावणी यांत फरक आला की आम्ही सगळी पुस्तके फाडून टाकत नाही. कोणत्या पानापर्यंत बेरीज जुळते आणि कोणत्या पानापासून चुकते ते पाहतो. फरक जिथे सुरू होतो तिथेच चूक सापडते. पाण्याचेही तसेच करावे.

चार स्वच्छ पांढऱ्या बाटल्या घ्या. पहिलीत सकाळी मोटार किंवा हापसा सुरू करताच येणारे पहिले पाणी. दुसरीत तोच उपसा पंधरा-वीस मिनिटे चालल्यानंतरचे, थेट बोअरच्या तोंडाशी घेतलेले पाणी. तिसरीत टाकीतील. चौथीत स्वयंपाकघराच्या नळाचे, रात्रभर नळ बंद ठेवून घेतलेले. प्रत्येक बाटलीवर जागा आणि वेळ लिहून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा आणि तळाचा गाळ पाहा.

पहिली तांबडी आणि दुसरी स्वच्छ असेल तर दोष बोअरमधील पाइपाचा. दुसरी स्वच्छ आणि तिसरी तांबडी असेल तर दोष टाकीचा किंवा टाकीपर्यंतच्या लाइनचा. तिसरी स्वच्छ आणि चौथी तांबडी असेल तर घरातील पाइपाचा. चारही सारख्याच तांबड्या असतील तरच जमिनीतील लोह समजावे. समजा, प्रयोगशाळेत बोअरच्या पाण्यात लोह ०.२ आणि नळाच्या पाण्यात १.८ मिलिग्रॅम निघाले. अशा घरी महागडे यंत्र बसवण्यापेक्षा शंभर-दीडशे फूट प्लॅस्टिकचा पाइप बदलणे शहाणपणाचे. आणि पाइप न बदलता टाकीपाशी यंत्र बसवले, तर यंत्राच्या पुढचा पाइप गंज देतच राहणार.

६. प्रयोगशाळेची तपासणी

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाण्याची तपासणी होते. ग्रामीण भागात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुने पाठवतो. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे, आणि त्या संचात लोहाची चाचणीही असते. आपल्या गावचा संच कोणाकडे आहे हे विचारावे. तो कपाटात बंद असेल तर बाहेर काढायला लावावा.

नमुना घेताना एक काळजी महत्त्वाची. बाटलीत ठेवलेल्या पाण्यातील लोह वाटेतच गंज होऊन बाटलीच्या कडेला चिकटते आणि अहवालात लोह कमी दिसते. हे टाळण्यासाठी प्रयोगशाळा थोडे आम्ल घातलेली बाटली देते. ती आधी मागून घ्यावी. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली वेगळी असते. ती विसळू नये आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावी.

मर्यादेचा आकडा पुष्कळांना गोंधळात टाकतो. भारतीय मानक १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत लोहाची मर्यादा लिटरला ०.३ मिलिग्रॅम होती. २०१५ च्या दुरुस्तीने ती १.० मिलिग्रॅम झाली. जुन्या पत्रकांत ०.३ आणि नव्यांत १.० दिसते ते यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेने लोहासाठी आरोग्यावर आधारित मर्यादा ठरवलेली नाही, पण ०.३ च्या वर कपड्यांना व भांड्यांना डाग पडू लागतात असे ती सांगते. म्हणजे अहवाल "योग्य" आला तरी कपडे पिवळे पडू शकतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आणखी एक गैरसमज. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या लाल, पिवळ्या आणि हिरव्या कार्डांचा पाण्याच्या रंगाशी संबंध नाही. उगमाभोवतीची स्वच्छता आणि दूषित होण्याचा धोका पाहून ती दिली जातात. पाणी नितळ असलेल्या गावालाही लाल कार्ड मिळू शकते.

७. आरोग्याचा प्रश्न

आपल्याकडे आढळणाऱ्या प्रमाणातील लोह हे निरोगी माणसाला विष नाही. त्याने चव लोखंडी लागते, भूक मंदावल्यासारखी वाटते, भात-डाळीचा रंग बिघडतो. ज्यांना थॅलेसेमियासारख्या आजारामुळे वारंवार रक्त द्यावे लागते, किंवा ज्यांच्या शरीरात लोह साठण्याचा विकार आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच असे पाणी प्यावे.

याच्या उलट, तांबड्या पाण्याने रक्त वाढते ही समजूतही सोडून द्यावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दररोज २९ आणि पुरुषाला १९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवे. लिटरला १ मिलिग्रॅम लोह असलेले दोन लिटर पाणी प्यायले तर मिळते २ मिलिग्रॅम. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५७ स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. त्यांना पालेभाजी, कडधान्य, बाजरी, परवडेल तसे मांस-मासे, जेवणात लिंबू आणि दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या हव्यात. हापशाचे पाणी हे त्यावरचे औषध नाही.

खरा धोका तांबड्या रंगात नाही, रंग पाहून चुकीचे पाणी निवडण्यात आहे. कावीळ, गॅस्ट्रो, विषमज्वर यांचे जंतू रंगाने दिसत नाहीत. नायट्रेट आणि फ्लोराइडही दिसत नाहीत. खोल बोअरचे तांबूस पाणी सोडून उघड्या आडाचे नितळ पाणी आणणारी माउली लेकरांसाठी चांगले तेच करते आहे अशा समजुतीत असते. तिला दोष देऊ नये, तिच्यापर्यंत अहवाल पोचवावा.

८. उपाय

(१) उगमावर उपाय. पाइप गंजले असतील तर बदलावेत. हापशासाठी प्लॅस्टिकचे किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे पाइप मागावेत. लोखंडी टाकी घासून रंगवावी किंवा बदलावी. टाकी दर तीन महिन्यांनी धुवावी. बदल होईपर्यंत सकाळचे पहिले पाणी फेकू नये. ते झाडांना, अंगणाला, संडासाला वापरावे. लोहजिवाणू असतील तर जाणत्या कारागिराकडून बोअरमध्ये क्लोरीनचा मोठा डोस घालून, रात्रभर ठेवून, पाणी पूर्ण उपसून टाकावे. हे काही काळाने पुन्हा करावे लागते.

(२) हवा, विसावा आणि गाळण. जमिनीतील लोहासाठी घरगुती पद्धत अशी. तीन बादल्या किंवा पिंपे एकावर एक मांडावीत. सर्वांत वरच्या बादलीच्या बुडाला बारीक भोके पाडावीत, म्हणजे पाणी पावसासारखे धारांनी पडेल आणि त्याला हवा मिळेल. ते दुसऱ्या बादलीत पडून रात्रभर विसावेल. तिला तळापासून चार बोटे वर तोटी बसवावी, म्हणजे बसलेला गाळ पाण्याबरोबर येणार नाही. तिसऱ्या बादलीत खाली चार बोटे बारीक खडी आणि तिच्यावर वीतभर ते फूटभर स्वच्छ धुतलेली वाळू भरावी, बुडाशी तोटी बसवावी. लोणारी कोळशाचा थर दिला तर वास कमी होतो, पण लोह अडवण्याचे मुख्य काम वाळूच करते. सुरुवातीचे काही दिवसांचे पाणी पिण्यास घेऊ नये. धार मंदावली की वरची वाळू काढून, चोळून धुऊन परत भरावी.

ज्यांना एवढेही जमत नाही त्यांनी पाणी उंचावरून दोन-तीन वेळा ओतून, रात्रभर झाकून ठेवून, सकाळी वरचे पाणी चौपदरी सुती फडक्यातून गाळावे. कण फार बारीक असतील तर तुरटी फिरवल्याने ते लवकर बसतात. हवा न देता नुसती तुरटी फिरवून मात्र विरघळलेले लोह निघत नाही.

(३) क्लोरीन नंतर. लोह असलेल्या पाण्यात आधीच टी.सी.एल. पावडर टाकली तर क्लोरीन लोहावरच खर्च होतो आणि जंतूंसाठी उरत नाही. शिवाय पाण्यातील गंजाच्या पिवळसर रंगामुळे ओ.टी. चाचणीत क्लोरीन असल्याचा भास होऊ शकतो. म्हणून आधी लोह काढावे आणि मग क्लोरीन द्यावा. अर्ध्या तासानंतर पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला हवा. वाळूच्या गाळणीने लोह जाते, जंतू पूर्ण जात नाहीत, हे विसरू नये.

(४) वस्तीसाठी संयंत्र. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, हापशाला जोडता येणारे लोहनिवारण संयंत्र विकसित केले आहे. भुवनेश्वरच्या शासकीय प्रयोगशाळेने तयार केलेली टेराफिल ही भाजक्या मातीची गाळणीही लोह अडवते. तत्त्व तेच : हवा, विसावा, गाळण. अशी संयंत्रे बंद पडतात ती बहुधा वाळू धुण्याची जबाबदारी कोणाचीच नसल्यामुळे. म्हणून संयंत्र मागताना त्याच ठरावात देखभाल करणाऱ्याचे नाव आणि त्याचे मानधनही लिहावे.

(५) विकतचे यंत्र. आर.ओ. यंत्र हे मुख्यतः क्षार कमी करण्यासाठी असते. जादा लोहाचे पाणी थेट त्यात सोडले तर त्याचा पडदा लवकर चोंदतो, आणि बरेच पाणी वाया जाते ते वेगळेच. लोहासाठी वेगळे आयर्न फिल्टर मिळतात. घेण्यापूर्वी विक्रेत्याला चार प्रश्न विचारावेत. माझ्या पाण्यातील लोह आणि पी.एच. किती आहे? यंत्रानंतर किती राहील, ते लेखी देणार का? उलट धुणी किती दिवसांनी करायची आणि तिला पाणी किती लागते? आतील माल किती वर्षांनी बदलायचा आणि त्याचा खर्च किती? उत्तरे न देणाऱ्याकडे पैसे गुंतवू नयेत.

९. डाग पडलेल्या कपड्यांसाठी

गंजाचे डाग ब्लीचने जात नाहीत, उलट पक्के होतात. पांढऱ्या सुती कपड्यावर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवावे आणि चांगल्या पाण्यात खळबळून काढावे. लिंबूसत्त्वाचे कोमट पाणीही चालते. रंगीत कपड्याच्या कडेला आधी लावून पाहावे. लिंबू, लिंबूसत्त्व किंवा कोणतेही आम्ल ब्लीचिंग पावडरमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. पांढरे कपडे धुण्याचे पाणी आदल्या रात्री भरून निवळून घेतले तर निम्मे काम होते.

१०. हक्क आणि जाणीव

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात १९०१ सालचा जो प्रवास सांगितला आहे, तो आपल्याच सातारा जिल्ह्यातील आहे. मसूर स्टेशनावरून बैलगाडीने वडिलांकडे निघालेल्या त्या मुलांना वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही. जवळ पाणी होते, पण ते गुराढोरांनी घाण केलेले, तोंडाजवळ नेता येणार नाही असे. पाणी असणे आणि पिण्याजोगे पाणी असणे यांतील अंतर त्या बालवयातच त्यांनी भोगले. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला गेला. आज तांबड्या पाण्याबद्दल ग्रामसभेत बोलताना आपण उपकार मागत नाही, हे ध्यानात ठेवावे. मात्र "आमचे पाणी खराब आहे" असे मोघम सांगण्यापेक्षा "बोअरच्या तोंडाशी लोह इतके, नळाला इतके, तारीख ही, अहवाल हा" असे सांगितले तर उत्तर टाळणे कोणालाही अवघड जाते. शौचालयाचा खड्डा बोअरपासून निदान ५० फूट दूर असावा, ओटा फुटलेला नसावा, सांडपाण्याला शोषखड्डा असावा, याही गोष्टी त्याच अर्जात लिहाव्यात.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१) आपल्या वस्तीतील दहा घरांच्या पाण्याची ग्लासाची चाचणी करा. घर, उगम, पाइप कशाचा, ताज्या पाण्याचा रंग, तासाभरानंतरचा रंग असे रकाने पाडून तक्ता करा.

२) एका घरात दररोज ५०० लिटर पाणी लागते आणि त्यात लिटरला २ मिलिग्रॅम लोह आहे. वर्षभरात त्या घरातून किती लोह वाहून जाते? (उत्तर : दररोज १ ग्रॅम, वर्षाला ३६५ ग्रॅम. लोहाचा गंज झाला की वजन आणखी वाढते. टाकीच्या तळाशी एवढा गाळ कोठून येतो ते यावरून समजेल.)

३) लोह असलेले पाणी उकळल्यावर तांबडे का होते, आणि टी.सी.एल. पावडर लोह काढल्यानंतरच का टाकावी, हे घरातील मोठ्यांना आपल्या शब्दांत समजावून सांगा.

संस्थेच्या सभासदांनी आपापल्या घरचे नमुने एका ठरलेल्या दिवशी एकत्र करून प्रयोगशाळेत पाठवले, तर जाण्यायेण्याचा खर्च वाटला जाईल आणि सगळ्या वस्तीचा एकच तक्ता हाती येईल. तो तक्ता विहाराच्या फलकावर लावावा आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा तपासणी करून आकडे शेजारी मांडावेत. कोणत्या घरचे पाणी सुधारले आणि कोणत्या घराकडे आधी लक्ष द्यायचे, हे मग प्रत्येकाला वाचता येईल.